तार कधी काढायची?



इथे आपण एरवी पाठदुखी, व्हिटॅमिन डी, प्लास्टरची काळजी अशा विषयांवर बोलतो. आज विषय झाडाचा आहे, बोन्सायचा. कारण सांगते. दर सोमवारी माझ्या क्लिनिकच्या टेबलावर नांद्रुकाचं एक बोन्साय असतं. वीतभर उंचीचं, आणि त्याच्या दोन-तीन फांद्यांना अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली. माझ्याशी बोलता बोलता पेशंटची नजर तिकडे जाते आणि मग ठरलेले प्रश्न येतात. त्याला दुखत नाही का हो? असं झाड घरात ठेवलं तर चालतं का? आणि ही तार काढणार कधी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी तिथल्या तिथे देऊ शकते. तिसऱ्याचं उत्तर देताना मात्र बाहेरची रांग वाढत जाते, म्हणून ते लिहूनच काढलं.

आधी एक गैरसमज. बोन्साय ही झाडाची बुटकी जात नव्हे. वडाच्या बोन्सायची फांदी कापून जमिनीत लावली आणि ती रुजली, तर तिचा साधा, भलामोठा, पारंब्यांचा वड होतो. झाड लहान राहतं ते उथळ कुंडीमुळे, दर एक-दोन वर्षांनी होणाऱ्या मुळांच्या छाटणीमुळे आणि सतत खुडल्या जाणाऱ्या शेंड्यांमुळे. शेंड्यामध्ये ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की त्या डोळ्यांवरचा दाब सुटतो, बाजूच्या फांद्या फुटतात, झाड उंच व्हायचं सोडून दाट होतं. पानंही हळूहळू लहान येऊ लागतात. फळांचा आकार मात्र फारसा घटत नाही. म्हणून डाळिंबाच्या बोन्सायवर एखादं फळ धरलं की ते गोट्याएवढ्या डोक्यावर फेटा बांधल्यासारखं दिसतं.

दुखतं का? झाडाला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. आपल्याला दुखतं तसं त्याला दुखायची सोय नाही. पण त्याला ताण पडतो, आणि तो जास्त झाला तर ते मरतं. मुळं छाटली, त्याच दिवशी तार घातली, शिवाय अर्धी पानं काढली, असं केलं तर झाड जातं. एका वेळी एकच मोठं ऑपरेशन, मग विश्रांती. आमच्याकडेही तसंच असतं.

दुसरा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारतात. घरात बोन्साय ठेवलं की नातवंडांची वाढ खुंटते, असं त्यांनी ऐकलेलं असतं. आजींना मी सरळ सांगते, गॅलरीतल्या कुंडीचा आणि मुलाच्या उंचीचा काही संबंध नाही. उंची आई-वडिलांकडून येते आणि खाण्यापिण्यावर, आजारपणांवर अवलंबून असते. मूल खरंच वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन वजन-उंचीचा तक्ता काढून घ्या, रक्त कमी आहे का, थायरॉईड बरोबर आहे का, जुनाट जुलाब किंवा दमा आहे का, ते बघू द्या. झाड बाहेर काढून टाकल्याने समाधान मिळतं आणि तपासणी मात्र सहा महिने लांबते, याची मला जास्त काळजी वाटते. ‘घरात ठेवू नका’ हे मीही सांगते, पण वेगळ्या कारणाने. टीव्हीशेजारी ठेवलेलं बोन्साय उन्हाअभावी काही महिन्यांत झिजून जातं. माझं झाड सोमवारी सकाळी क्लिनिकमध्ये येतं आणि संध्याकाळी परत गच्चीवर जातं.

आता तार.

बोन्सायच्या फांदीला आकार द्यायचा म्हणजे तिच्याभोवती तार गुंडाळायची आणि मग फांदी हळूच वाकवायची. तारेची जाडी साधारण फांदीच्या एक तृतीयांश. वेटोळे तिरके, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, एकसारख्या अंतरावर. सालीला टेकतील इतके, पण आवळणार नाहीत इतके. एक टोक खोडाशी किंवा शेजारच्या फांदीशी नीट अडकवलेलं हवं, नाहीतर सगळी तार नुसती फिरत राहते. नवशिक्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची तार बरी, ती मऊ असते. पाइन आणि जुनिपरसारख्या झाडांना जाणकार तांब्याची तार वापरतात. ती आधी भट्टीत तापवून मऊ केलेली असते आणि वाकवली की कडक होते. वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या जागी ठेवायचे आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा येईल असं बघायचं. फांदी फुटते ती तिथूनच. जाड फांदी असेल तर आधी भिजवलेला राफिया, म्हणजे एका ताडाच्या पानांचे धागे, घट्ट गुंडाळतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट आमचा क्रेप बँडेजचा रोल आठवला.

हे सगळं अर्ध्या तासात होतं. फांदी हवी तशी दिसते, फोटो काढून घ्यावासा वाटतो. आणि खरं काम तेव्हा सुरू होतं, कारण वळलेली फांदी अजून सरळच आहे. तारेने तिला फक्त धरून ठेवलं आहे.

सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर थर असतो. झाडाची जाडी त्याच थरातून वाढते. तो आतल्या बाजूला नवं लाकूड घालतो, बाहेरच्या बाजूला नवी साल. फांदी वाकवली की एका बाजूचे तंतू ताणले जातात, दुसऱ्या बाजूचे दाबले जातात, थोडे फाटतातही. मग हा थर त्या नव्या स्थितीत लाकडाचे नवे पदर चढवत जातो. वाकलेल्या फांदीत झाड एक खास प्रकारचं लाकूडसुद्धा तयार करतं. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं ते फांदीच्या खालच्या अंगाला घालतात आणि खालून रेटा देतात. वड, नांद्रुक, चिंच अशी रुंद पानांची झाडं ते वरच्या अंगाला घालतात आणि वरून ओढतात. असे पुरेसे पदर चढले की वळण फांदीचं स्वतःचं होतं. तोवर तार काढली तर फांदी दोन-चार दिवसांत जवळजवळ पूर्ववत होते. फार उशिरा काढली तर तार सालीत रुतते आणि स्क्रूच्या आट्यांसारखा व्रण राहतो. पाइनवर तो कित्येक वर्षं दिसतो.

म्हणजे ‘तार कधी काढायची’ याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, झाडाच्या वाढण्याच्या वेगात आहे. पावसाळ्यात माझं नांद्रुक इतकं फोफावतं की सहा-आठ आठवड्यांत तार रुतायला लागते, दर रविवारी बघावं लागतं. पाइनला एखादं वर्ष लागतं, कधी जास्त. जुनिपरला तर तार काढून पुन्हा नव्याने घालावी लागते, एकदा, दोनदा, तीनदा. आणि काढताना ती उलटी सोडवायची नसते. कटरने एकेक वेढा तोडून तुकडे काढायचे. तार फुकट जाते, फांदी वाचते. प्लास्टर आम्ही कापून काढतो, सोलून नाही, ते तुम्ही पाहिलं असेलच.

माझ्या शाखेचं आणि या तारेचं नातं जुनं आहे. ‘ऑर्थोपेडिक्स’ हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यांनी 1741 साली त्यांच्या पुस्तकासाठी बनवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून, एक म्हणजे ‘सरळ’ आणि दुसरा ‘मूल’. मुलांच्या शरीरातले बाक कसे टाळावेत आणि सरळ करावेत, हा त्या पुस्तकाचा विषय. त्यात एक चित्र आहे. वाकड्या खोडाचं एक कोवळं झाड, शेजारी रोवलेला सरळ खांब, आणि दोघांना बांधणारा दोर. आजही अनेक देशांतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना हे चित्र बोधचिन्ह म्हणून वापरतात. बोन्सायवाले सरळ झाडाला बाक देतात, आम्ही बाक आलेल्या मुलाला सरळ करतो. दोर तोच.

आणि तो दोर मी आठवड्यातून दोन दिवस वापरते. क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेलं पाऊल. साधारण हजार बाळांमागे एखाद्याला हे असतं. आधी यासाठी मोठमोठी ऑपरेशन्स व्हायची. इग्नासिओ पोन्सेटी नावाच्या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरांनी अमेरिकेत आयोवा इथे वेगळी वाट शोधली. बाळाचं पाऊल हातांनी हळुवार थोडंसं फिरवायचं, तिथे प्लास्टर घालायचं, आठवड्याने ते काढून आणखी थोडं फिरवायचं. पाच-सहा प्लास्टरमध्ये पाऊल बरंचसं जागेवर येतं. बहुतेक बाळांना टाचेमागची शीर एका लहानशा छेदाने सैल करावी लागते. मग शेवटचं प्लास्टर, आणि त्यानंतर ब्रेस. दोन बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे फक्त झोपेच्या वेळी, चार वर्षांचं होईपर्यंत.

प्लास्टरला कुणी कंटाळत नाही, ते दिसतं आणि दर आठवड्याला फरकही दिसतो. घोटाळा होतो तो ब्रेसचा. पाऊल सरळ दिसायला लागलेलं असतं, बाळ रात्री रडतं, शेजारी विचारतात, सासूबाई म्हणतात, ‘बरा झालाय की, कशाला त्रास देतेस लेकराला?’ मग ब्रेस कपाटावर जातो. क्लबफूट परत येण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

मागच्या वर्षी इंदापूरकडची एक आई आपल्या सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन आली होती. ब्रेस चार महिन्यांपासून बंद, पाऊल पुन्हा आत वळायला लागलेलं. ती इतकी ओशाळली होती की वर बघत नव्हती. मी रागावले नाही. रागावलेल्या डॉक्टरकडे लोक परत येत नाहीत आणि त्याची किंमत मूल देतं. मी टेबलावरचं झाड तिच्याकडे सरकवलं. एका फांदीची तार आदल्याच आठवड्यात काढली होती, दुसरीची अजून होती. म्हटलं, ही फांदी आता हात लावला तरी जागची हलत नाही, आणि ही बघा, तार थोडी सैल केली तर. तिने स्वतः बोटाने दाबून पाहिलं. शेतातली बाई, तिला माझ्यापेक्षा झाडं जास्त कळत होती. म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, वेलाला बांधून दिलं आणि लगेच सुतळी सोडली, तसं झालं हे.’ पुन्हा तीन प्लास्टर झाली. मुलगा आता दोन वर्षांचा आहे, ब्रेस रोज रात्री घालतो, आणि तो पायात चढला की झोपायची वेळ झाली हे त्याला कळतं. अजून दोन वर्षं जायची आहेत. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.

झाड आणि मूल यांची तुलना मी इथेच थांबवते. झाडाला बाक आपल्या हौसेखातर देतो, पायाचा बाक मुलाला चालता यावं म्हणून काढतो. हा फरक लहान नाही.

बोन्साय म्हटलं की डोळ्यांपुढे पाइन येतं, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझ्याकडे पाइन एकच आहे, जपानी ब्लॅक पाइन, आणि ते खरं तर माझं नाही. माझ्या एका छोट्या पेशंटच्या आजोबांचं आहे. गुडघे गेल्यामुळे त्यांना गच्चीचा जिना चढवेना, तेव्हा त्यांनी बावीस वर्षं सांभाळलेलं ते झाड माझ्याकडे ‘ठेवायला’ दिलं. त्याला आता सहा वर्षं झाली. पंधरा दिवसांनी फोन येतो. माझ्या तब्येतीची चौकशी एका वाक्यात आणि पाइनची दहा मिनिटं.

पाइनची तऱ्हा नांद्रुकापेक्षा अगदी वेगळी. नांद्रुक कुठेही कापा, कापल्याजागी फुटतं. पाइनच्या फांदीवरच्या सगळ्या सुया गेल्या तर ती फांदी बहुधा मेलीच, जुन्या उघड्या लाकडातून नवा डोळा सहसा येत नाही. म्हणून कापताना मागे हिरवं काहीतरी ठेवायचंच. वसंतात पाइनच्या टोकांवर मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात, त्यांना कँडल म्हणतात. जपानमध्ये ब्लॅक पाइनचे हे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुळाशी कापतात. झाड तगडं असेल तर त्याच जागी दुसऱ्यांदा कोंब येतात, आणि थंडीच्या आधी दिवस कमी उरल्यामुळे त्यांच्या सुया आखूड राहतात. त्यातही क्रम आहे. आधी कमजोर फांद्यांचे कोंब कापायचे, आठ-दहा दिवसांनी जोमदार फांद्यांचे, म्हणजे कमजोरांना वाढायला थोडे जास्त दिवस मिळतात. पाच-पाच सुयांच्या झुबक्यांचं व्हाइट पाइन मात्र असं कापत नाहीत, ते एवढं सोसत नाही. कुंडी बदलताना पाइनच्या मुळांवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसते. पुष्कळ लोक ती धुऊन काढतात. काढू नका. ती मुळांना पाणी आणि खनिजं मिळवून द्यायला मदत करते. बुरशी दिसली की औषध शोधायचं, ही सवय आम्हा डॉक्टरांनीच लावली असावी.

पुण्याच्या हवेत हे झाड जपानइतकं खुलत नाही. गेल्या उन्हाळ्यात डावीकडची सगळ्यांत खालची फांदी पिवळी पडायला लागली. आजोबांना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने क्लिनिकवर आले, झाड खाली आणायला लावलं, खुर्चीत बसले आणि दीड तास चिमट्याने सुया उपटत राहिले. खालच्या फांदीला हातही लावला नाही. वरच्या शेंड्याच्याच जुन्या सुया काढत होते. मी विचारलं, आजारी ती आहे आणि तुम्ही हिच्या का काढता? म्हणाले, ‘डॉक्टर, सगळं वरचीच खातेय. हिला जरा उपाशी ठेवली की खालचीला ऊनही मिळेल आणि जोरही येईल.’ दिवाळीच्या सुमारास त्या फांदीवर चार नवे डोळे होते. त्यांनी ते बोटाने चाचपून मोजले, कारण आता त्यांना जवळचं नीट दिसत नाही. त्यांचा मुलगा दुबईला असतो, त्याला झाडांचं वेड नाही. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न त्यांनी मला विचारलेला नाही. मीही त्यांना विचारलेला नाही.

या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं एक पाइन जगात प्रसिद्ध आहे. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडचं व्हाइट पाइन, 1625 पासून कुंडीत वाढवलेलं. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला ती जागा त्यांच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर होती. खिडक्यांच्या काचा फुटल्या, झाड भिंतीच्या आडोशाला होतं, ते वाचलं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, त्या देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून. बॉम्बबद्दल कुणी फारसं बोललं नव्हतं. 2001 मध्ये त्यांचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा तिथे ती हकिगत कळली. झाड अजून तिथेच आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पाइनने करू नका. नांद्रुक, वड किंवा जेड घ्या. पाइनचाच आकार आवडत असेल तर सुरू घ्या. कोकणच्या किनाऱ्यावर दिसतं तेच. ते पाइन नाही, त्याच्या सुया म्हणजे खरं तर बारीक सांधेदार काड्या असतात, पण आपल्या हवेत ते आनंदाने वाढतं. बागेतली नुसती माती उथळ कुंडीत घट्ट बसते, म्हणून विटेचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि थोडं पानांचं खत घाला. पाणी वेळापत्रकाने नको, बोट मातीत घालून बघून द्या. आपल्या एप्रिल-मेमध्ये ते दिवसातून दोनदाही लागतं.

आणि डॉक्टर म्हणून थोडं. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांची शाळा. ताटली काढून टाका, किंवा आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. वड-नांद्रुकाचा चीक डोळ्यांत गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि दाखवून घ्या. तार कापताना तुकडा उडतो, चष्मा घाला. मातीत काम करताना जखम झाली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते घ्या. उकिडवं बसून तासभर छाटणी करू नका, झाड टेबलावर छातीच्या उंचीला घ्या, फिरत्या पाटावर ठेवलं तर आणखी बरं. माझ्याकडे येणाऱ्या बोन्सायवाल्यांमध्ये झाडापेक्षा मान आणि कंबर जास्त वाकलेल्या असतात.

तार घातलीत की त्या दिवशीची तारीख कागदावर लिहून कुंडीला चिकटवा, खाली ‘दर रविवारी बघणे’ असंही लिहा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.